एकच मच्छरदाणी खाली होती

पडद्यावर खाटांचा फोटो आला आणि चर्चच्या हॉलमधल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मलावीतल्या अनाथाश्रमातली मुलींची झोपायची खोली होती ती. लोखंडी खाटांच्या दोन रांगा, चादरी काढून ठेवलेल्या गाद्या, पुसून लख्ख केलेली लाल सिमेंटची जमीन. खाटांवरच्या मच्छरदाण्या गुंडाळून, गाठ मारून वर टांगल्या होत्या. खाटा रिकाम्या होत्या, आणि रिकाम्या होत्या म्हणूनच टाळ्या होत्या.

"या फोटोची आपण किती वर्षं वाट पाहिली," कमिटीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, आणि आनंदाची बातमीही त्या परीक्षेच्या सूचना वाचाव्यात तशा वाचतात. "मुलं आपापल्या नातेवाइकांकडे गेली. आश्रमाला यापेक्षा मोठं यश नसतं."

एडिनबरात या चर्चचा हॉल आमच्या घरापासून चालत जाण्याएवढा जवळ आहे. त्या हॉलमध्ये रेडिएटरला लागून असलेली खुर्ची माझ्या बायकोची. ती आदल्या फेब्रुवारीत गेली. कमिटीतल्या लोकांनी मला आग्रह करून त्या खुर्चीत बसवलं. मी डॉक्टर नाही, ख्रिस्ती नाही, आफ्रिकेत मी कधी पाऊल ठेवलेलं नाही. माझी सगळी नोकरी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांची वर्गवारी करण्यात गेली. पण नाही म्हणायला बळ लागतं, आणि ते तेव्हा नव्हतं. शिवाय ती खुर्ची उबदार होती.

टाळ्या थांबल्यावर मला दिसलं. उजवीकडच्या रांगेत, अगदी टोकाला, एक मच्छरदाणी खाली सोडलेली होती. गादीखाली चारी बाजूंनी नीट खोचलेली.

"ती शेवटची," अध्यक्षबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "थोड्या दिवसांत तिचंही होईल."

ती कोण, हे मला विचारावं लागलं नाही.

माझी बायको लहान मुलांची डॉक्टर होती. पुण्यात शिकली, इथल्या हॉस्पिटलात आयुष्य काढलं. तिच्या वॉर्डातली एक नर्स या चर्चची. "तुम्ही एकदा चला, तिथं मुलांना बघायला डॉक्टर येत नाही," असं ती नर्स बरेच दिवस म्हणत होती, आणि एका वर्षी बायको सुट्टी काढून खरंच गेली. आश्रम चालवणाऱ्या पास्टरना तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मी हिंदू आहे. प्रार्थनेला बसेन, पण प्रार्थना करणार नाही. कान तपासीन, छाती तपासीन, जंतांचं औषध देईन."

पास्टर हसले म्हणे. "कानांचं तुम्ही बघा, प्रार्थनेचं आम्ही बघतो. तुमच्या वाटणीचीही करून टाकू."

आणि ते खरोखर करत राहिले. संध्याकाळच्या प्रार्थनेत तिचं नाव घेतलं जायचं. तिला संकोच वाटायचा, आवडायचंही.

त्या पहिल्या फेरीहून ती परत आली तेव्हा बॅगेत लाल माती होती आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत सुकलेल्या तुरीच्या शेंगा. "तूर पिकते रे तिथं! आणि डाळ करत नाहीत, आख्खी उकडून खातात," हे तिनं दारातच सांगितलं. मुलांचं काहीच बोलली नाही. मग चहा घेताना मी विचारलं.

"फार गोड आहेत," ती म्हणाली, पण एखाद्या रिपोर्टमधला वाईट आकडा सांगावा तशी.

"मग?"

"आम्ही गाडीतून उतरलो तर सगळी धावत आली आणि गळ्यात पडली. माझ्या, नर्सच्या, ड्रायव्हरच्यासुद्धा. बरोबरच्या बायका रडायला लागल्या, इतकं त्यांना भरून आलं. मला भीती वाटली."

"भीती कसली?"

"आपला मुलगा आठव. घरी कुणी आलं की माझ्या मागं लपायचा. शेजारच्या काकूंना तर चावला होता."

"त्या अजून सांगतात."

"सांगू देत. तसंच पाहिजे. ज्या मुलाला आपलं माणूस आहे ते परक्याच्या गळ्यात पडत नाही. या मुलांना हट्ट करता येत नाही, रुसता येत नाही. ताटात पडेल ते खातात आणि थँक्यू म्हणतात. आठवडाभरात मला एकही मूल 'जा, नाही येत' असं म्हणालं नाही."

मग तिनं पुण्यातली एक गोष्ट सांगितली. मेडिकलला असताना ती दर रविवारी एका अनाथाश्रमात जायची. तिथं लोक वाढदिवसाला, पुण्यतिथीला मुलांना जेवण द्यायचे, अजूनही देतात. पितृपंधरवड्यात तर रोज खीर-पुरी. फळ्यावर गेलेल्या माणसाचं नाव लिहायचं, मुलांनी हात जोडून त्याच्या आत्म्याला शांती मागायची, मग पहिला घास. एक दिवस ती जिन्यातून वर जात होती, तर एका पोरानं तिला थांबवून विचारलं, "ताई, आज कोण मेलंय?" वर गोड काय आहे ते त्याला त्यावरून कळणार होतं.

हे सांगताना ती हसली होती, आणि मग गार झालेला चहा ओतून टाकायला उठली होती.

पुढं ती दरवर्षी जात राहिली आणि इथं कमिटीत भांडत राहिली. तिचं म्हणणं एकच: मुलांना नातेवाईक आहेत, ते शोधा, त्यांना हात द्या, मुलांना घरी पाठवा. सुरुवातीला तिच्या बाजूनं इथलं कुणी नव्हतं. तिथले पास्टर मात्र होते. ते तिला म्हणाले होते, "आमच्याकडे मावशी म्हणजे आईच. आम्ही ही इमारत बांधली आणि मावश्यांना वाटायला लागलं की मूल तिथं जास्त सुखात राहील. चूक मावश्यांची नाही, इमारतीची आहे." स्वतः बांधलेल्या इमारतीबद्दल असं बोलणारा माणूस तिला भेटला, हे तिला फार मोठं वाटलं.

झालं ते सगळं हळूहळू झालं. चर्चच्या बायका गावोगाव फिरून कुणाची आजी, कुणाचा मामा शोधू लागल्या. ज्या घरी मूल गेलं तिथं दर महिन्याला कुणीतरी जाऊन बघून यायचं. बियाणं दिलं, शेळ्या दिल्या, गणवेश दिले. चर्चच्या ओसरीवर बालवाडी सुरू झाली, विहीर झाली. ही प्रगती खोटी नव्हती, हे मला इथं स्पष्ट लिहून ठेवायचं आहे. मी फोटो पाहिलेत. घरी गेलेल्या मुलांचे चेहरे आश्रमातल्या फोटोंपेक्षा कमी हसरे असायचे. बायको ते बोटानं दाखवायची. "बघ, कॅमेऱ्याकडे बघतही नाहीये. मस्त!"

आणि तिनं एक नियम करून घेतला. कुठलं मूल कुठं जाणार, कधी जाणार, हे तिथं ठरेल. पास्टर, गावातली मोठी माणसं, सरकारी समाजकल्याण अधिकारी, आणि मुलाचे नातेवाईक. एडिनबरात बसून कुणी ठरवायचं नाही. हा नियम मंजूर झाला त्या दिवशी ती घरी येताना केक घेऊन आली होती.

त्या टोकाच्या खाटेवरची मुलगी आश्रमात आली तेव्हा नुकती चालायला लागलेली होती. आई गेलेली, बाकी कुणाचा पत्ता नाही. तिचा एक कान सतत वाहायचा. बायकोनं दोन-तीन वर्षं त्याचा पिच्छा पुरवला आणि तो बरा केला. त्यानंतर बायको आली की बाकीची मुलं धावत यायची, ती मुलगी खांबाशी उभी राहायची. गर्दी ओसरली की सावकाश यायची, मान वळवायची, कान पुढं करायची. बास. ना मिठी, ना थँक्यू.

"मला कान देते ती," बायको इथं येऊन ऐटीत सांगायची. "गळ्यात पडत नाही."

मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली तेव्हा तिच्या आईची बहीण सापडली. ती बरीच वर्षं दक्षिण आफ्रिकेत लोकांच्या घरी कामाला होती, आणि आता सरोवराकाठच्या गावात परत येऊन सुकी मासळी विकत होती. स्वतःची तीन मुलं होती. बहिणीची मुलगी जिवंत आहे हे कळल्यावर ती बसमध्ये बसून आली, हातात वाळवलेल्या माशांची पुडी घेऊन. मुलगी तिच्यासमोर ताठ बसली आणि पुडी घेऊन थँक्यू म्हणाली.

हे बायकोच्या शेवटच्या फेरीत झालं. निघायच्या दिवशी मुलीनं तिला गाठलं. ती बायकोला अमायी म्हणायची, तिथं मोठ्या बाईला आदरानं तसं म्हणतात.

"अमायी, तुम्ही सांगितलंत तर मी मावशीकडे जाईन. पण आत्ता नको. पुढच्या वर्षी येऊन सांगा."

बायकोनं कबूल केलं. पुढच्या वर्षी. पुढच्या वसंतात तिला आजार निघाला.

ती घरी असायची त्या शेवटच्या महिन्यांत पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी होता. एका सकाळी, बाहेर समोरची घरंसुद्धा दिसू नयेत असं धुकं असताना, तिनं मला फोन धरायला सांगितला. मुलीला निरोप रेकॉर्ड करायचा होता. केस विंचरून घेतले, उशी उंच करून घेतली. "कान कसा आहे?" असं इंग्रजीत म्हणाली, आणि थांबली.

"बंद कर."

मी बंद केला. थोड्या वेळानं परत सुरू केला. परत तिथंच थांबली.

"पाणी देऊ का?"

"पाणी नको. हे असं फोनवर सांगायचं नसतं रे. ती 'येऊन सांगा' म्हणालीय."

"मग लिहून सांगतेस? मी लिहून घेतो."

तिनं मान हलवली. मग डोळे मिटूनच म्हणाली, "मला माहीतच नाहीये काय सांगायचं ते."

"म्हणजे?"

"बाकीच्यांच्या वेळी माहीत होतं," ती म्हणाली. इतकंच. नंतर तिनं तो विषय काढला नाही, आणि मला काढता आला नाही.

हॉलमधल्या त्या बैठकीनंतर दोन दिवसांनी पास्टरांचा फोन आला. त्यांचा आवाज फोनवरही मोठ्या खोलीत बोलल्यासारखा येतो. मुलीला बायको गेल्याचं त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. त्या संध्याकाळच्या प्रार्थनेत बाकीची मुलं गायली होती, ही मुलगी गायली नव्हती.

"तिला वाटतं तुमच्याकडे तिच्यासाठी निरोप आहे," ते म्हणाले. "त्याच्यासाठी ती थांबलीय. तुम्ही बोलाल का?"

"निरोप नाही, पास्टर."

"मग तसं सांगा. पण तुम्ही सांगा. माझ्याकडून तिला ते पटणार नाही."

शनिवारी व्हिडिओ कॉल झाला. पास्टरांच्या ऑफिसात ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, शाळेचा निळा गणवेश घालून. बाहेर कोंबडा अवेळी आरवत होता. "गुड आफ्टरनून, सर," ती म्हणाली. तिचं इंग्रजी शाळेतलं, जपून बोललेलं. मला येत होतं तेवढं बोललो.

"कान कसा आहे?"

तिनं मान वळवली आणि कान फोनच्या कॅमेऱ्यापुढं आणला. पडदाभर तो कानच दिसला. मी त्याच्याकडे डॉक्टरसारखा बघत राहिलो. मग ती सरळ बसली.

"अमायी काय म्हणाल्या?"

"तिला तुला येऊन सांगायचं होतं. तिला येता आलं नाही."

"ते मला माहीत आहे. पण काय सांगायचं होतं?"

"मला माहीत नाही."

ती विचार करू लागली. मी काहीतरी लपवतोय का, हे ती बघत असावी.

"तुम्ही त्यांच्याच घरात राहत होतात ना?"

"हो."

"तरी माहीत नाही?"

"नाही."

कोंबडा परत आरवला. तिनं पास्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"थँक्यू, सर," ती म्हणाली.

त्यानंतरच्या गुरुवारी बैठक संपल्यावर मी हॉलच्या स्वयंपाकघरात कप धुवायला थांबलो. अध्यक्षबाई पुसत होत्या. तिथं सगळी महत्त्वाची बोलणी कप धुतानाच होतात.

"शाळा संपेपर्यंत तिला तिथंच राहू दिलं तर?" मी म्हणालो.

"एका मुलीसाठी? रात्री एवढ्या मोठ्या खोलीत ती एकटी झोपणार?"

"मग तिथंच जवळ कुणाकडे तरी."

"ते तिथं ठरेल. तुम्हाला ठाऊक आहे." त्यांनी कप उजेडात धरून पाहिला आणि माझ्या हातात परत दिला, नीट धुतला नव्हता. "हा नियम कुणी आणला तेही ठाऊक आहे. माझ्याशी किती भांडली त्यावरून! मी विरुद्ध होते. मला वाटायचं आपल्याला इथून जास्त चांगलं कळतं. आणि तिचं बरोबर होतं."

"या मुलीबद्दल तिची खात्री नव्हती."

त्यांचे हात थांबले. "ते मला कधी बोलली नाही."

"मलाही पुरतं नाही बोलली."

आम्ही दोघं नळाच्या दोन बाजूंना उभे होतो. मी ज्याच्याकडे दाद मागावी असं कुणी उरलं नव्हतं. जिच्याकडे मागितली असती तिनंच तो दरवाजा इथून बंद केला होता, आणि तो बंद असणंच योग्य होतं. मी कुणालाही चूक म्हणू शकत नव्हतो. एखादा चूक असता तर बरं झालं असतं.

"तुम्हाला थोडं शॉर्टब्रेड बांधून देऊ का?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

मी हो म्हणालो. घरी नेलं. ती लोण्याची बिस्किटं बरेच दिवस डब्यात पडून होती.

पुढच्या बैठकीत खोलीचा फोटो परत दाखवला. टोकाची मच्छरदाणीही वर गेली होती. तिची गाठ बाकीच्यांपेक्षा वेगळी होती, घाईत मारलेली किंवा न येणाऱ्या हातानं. त्याच्या पुढचा फोटो जेवणाच्या हॉलचा होता. लांब बाकं काढून तिथं शिवणाची मशिनं मांडली होती आणि गावातल्या बायका वाकून टीप घालत होत्या. परत टाळ्या झाल्या.

बायकोला जाऊन वर्ष होत आलं तशी पुण्याहून मेहुणीचा फोन आला. ती बायकोची धाकटी बहीण, दुःख झालं की कामाला लागणारी.

"भावोजी, मी इथं आश्रमात चौकशी केली. त्या दिवशीचं दुपारचं जेवण बुक आहे. एका आजोबांची शंभरी आहे. संध्याकाळचं मिळतंय. घेऊ?"

"घे की."

"पुरणपोळी सांगते."

"तिला पुरणपोळी आवडत नव्हती."

"अहो, मुलांना आवडते ना! ताई कुठं खायला येणारे?" असं ती बोलून गेली. तिचं नाक ओढणं ऐकू येत होतं.

"तू तिथं कर," मी शेवटी म्हणालो. "मी मलावीत देतो. त्या मुलांना."

"ते ख्रिश्चन लोक. त्यांना वर्षश्राद्धाचं चालेल?"

"जेवण आहे. कुणालाही चालेल."

पुण्यातल्या त्या पोराची गोष्ट मला आठवत नव्हती असं नाही. फळा नको, नाव नको, हे मी मनाशी ठरवलं होतं. पण माणूस गेल्याला वर्ष झालं की आपल्याकडे कुणाच्या तरी ताटात काहीतरी वाढायचं असतं, आणि माझ्या हातांना वर्षभर तिच्यासाठी करण्यासारखं काहीच मिळालेलं नव्हतं. मी डोळ्यांपुढं चित्र आणलं. लांब बाकं, वाफाळता भात, कोंबडीचा रस्सा, तूप कमी मिळेल म्हणून तेलावरचा शिरा. मुलांची रांग. मी पास्टरांना फोन केला आणि हे सगळं सांगितलं. शिरा कसा करतात तेसुद्धा सांगितलं.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"कुणासाठी, सर?"

"मुलांसाठी."

"मुलं इथं कुठं आहेत?" ते इतक्या हळू म्हणाले की माझ्या हातून काहीतरी फुटलं असावं असं मला वाटलं.

त्या रिकाम्या खाटांना मी स्वतः टाळ्या वाजवल्या होत्या. शिवणाच्या मशीनलाही. आणि तरी माझ्या डोळ्यांपुढं बाकांवर मुलं बसलेली होती, माझ्या श्राद्धासाठी थांबलेली.

"हो," मी म्हणालो. "विसरलो."

"दुपारी ती आपापल्या घरी जेवतात," ते म्हणाले, आणि मग त्यांचं मोठं हसू आलं, दुखवणारं नव्हे. "तुमच्या पत्नीमुळे जेवतात. आता आम्ही त्यांना बोलवायचं कसं?"

त्यांनीच मार्ग काढला. मुलं गेलेली घरं बघून येणारी चर्चमधली बाई त्या शनिवारी सरोवराकाठच्या गावी जाणार होती. ती मुलीच्या मावशीकडे तांदूळ, तेल आणि साखर घेऊन जाईल आणि तिथून मला फोन लावेल. "मग तुम्ही मुलीशी बोला," ते म्हणाले. "ती तिथं गेल्यापासून कुणी तिला तिकडून विचारलं नाही."

त्या शनिवारी मी वरण-भात केला. दोन ताटं घेतली, मग एक परत ठेवलं. फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला. मुलीला काय विचारायचं ते ठरवत बसलो. बायको घरी गेलेल्या प्रत्येक मुलाबद्दल विचारायची, खातो का, झोपतो का, कुणाशी भांडतो? तिसऱ्याचं उत्तर ती सगळ्यात लक्ष देऊन ऐकायची.

फोन आला. पावसाचे दिवस होते तिथं. अंगणाच्या कडेनं उंच हिरवा मका, मध्ये बांबूच्या मांडवावर पसरलेले चंदेरी मासे, बाजूला तांदळाची पिशवी, आणि घरं बघायला येणाऱ्या बाईंचा हसरा, घामेजलेला चेहरा. त्यांनी फोन मावशीकडे वळवला. मावशी हात पुसत आली, किंचित वाकली, तिच्या भाषेत बोलली. बाई इंग्रजीत सांगत होत्या. मुलगी बरी आहे. खाते. शाळेत जाते. रविवारी चर्चमध्ये गाते.

"तिच्याशी बोलता येईल?"

मावशीनं घराकडे तोंड करून हाक मारली. कुणी आलं नाही. परत मारली. आतून आवाज आला, तो मी ओळखला. मावशीचा आवाज चढला. आतला त्याहून चढला. लांबलचक काहीतरी, न थांबता. आत पत्र्याचं झाकण आपटलं. एक लहान मावसभाऊ खिदळला आणि त्याला मावशीची चापट बसली. बाईंनी घाईनं फोन माशांकडे वळवला.

"सॉरी सर. ती भांडी घासतेय."

"येत नाही म्हणाली ना?"

थोडा वेळ फक्त मासे दिसत राहिले. "हो. येत नाही म्हणाली."

"मावशीशी अशी बोलते? आज पहिल्यांदा?"

"पहिल्यांदा कुठली, रोज!" बाई बोलून गेल्या. मग सावरून म्हणाल्या, "म्हणजे, कधीकधी. या वयात मुली बोलतात."

मी भातात हात तसाच ठेवून बसलो. असं एक तरी मूल मला दिसू दे, असं बायको म्हणायची: जा म्हणणारं, नाही येत म्हणणारं. तिला हे ऐकवायला हवं होतं. ऐकून तिनं सांगितलं असतं की हा घर मिळालेल्या मुलीचा आवाज आहे की नको तिथं नेऊन ठेवलेल्या मुलीचा. तिला दोन्ही आवाज माहीत होते. मला एकच ऐकू येत होता. आणि कदाचित तो मावशीसाठी नव्हताच. येऊन सांगते म्हणाली आणि आली नाही, तिच्यासाठी असेल. तिच्याच घरात राहून काही माहीत नसलेल्या माणसासाठी असेल.

"बाई," मी म्हणालो, "तिचा कान तेवढा बघाल का?"

"कान? कानाला काय झालंय?"

"लहानपणी वाहायचा. पावसाळ्यात बघावा लागतो."

"हे आम्हाला कुणी सांगितलं नाही." त्यांनी मावशीला सांगितलं. मावशीलाही माहीत नव्हतं. तिचा चेहरा एकदम बदलला, ती काहीतरी भराभर विचारू लागली. "त्या विचारतायत, कुठला कान, सर?"

मी तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. पडदाभर कान दिसला होता. तिनं मान वळवली होती. कुठं वळवली होती? मी माझ्या खुर्चीत एकदा या बाजूला मान वळवून पाहिली, एकदा त्या बाजूला.

"तिलाच विचारा."

मावशीनं घरात विचारलं. या वेळी आवाज चढवून नाही. आम्ही तिघं थांबलो. आतून उत्तर आलं नाही.

"दोन्ही बघा," मी म्हणालो.

"दोन्ही बघते, सर. आजच बघते."

बाई फोन बंद करायला वाकल्या तेवढ्यात त्यांच्या मागून मुलगी बाहेर आली. आमच्याकडे न बघता अंगण ओलांडून विहिरीच्या वाटेला लागली. पाठमोरी होती, उंच झाली होती. डोक्यावर बादली होती, आणि बादली धरायला वर केलेल्या हाताआड एक कान झाकलेला होता. ती मक्यात दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होतो. मग फोन बंद झाला.